सिस्टर पडद्याकडे पाठ करून बसायच्या

सिस्टर मार्था गेल्याचं कळलं तेव्हा मी कुवेतमधल्या जाब्रियाच्या आमच्या क्लिनिकात एक्स-रेच्या खोलीबाहेरची फरशी पुसत होते. सकाळची वेळ, पेशंट अजून यायचे होते. नगरहून त्यांच्या पुतण्याचा व्हॉइस मेसेज आला, तो मी कानाशी धरून ऐकला. "सुमनमावशी, आत्या पहाटे गेल्या. झोपेतच गेल्या. तुम्हाला सगळ्यांत आधी कळवायला त्यांनी सांगून ठेवलं होतं." मी फोन खिशात ठेवला आणि राहिलेली फरशी पुसून काढली. सिस्टर असत्या तर त्यांनीही हातातलं काम आधी पुरं केलं असतं, मग खुर्चीवर बसून चष्मा पुसत विचारलं असतं, "हां, आता सांग, कोण मेलं?" असंच बोलायच्या त्या. मरणाशीसुद्धा त्यांचं जुन्या शेजारणीसारखं होतं, फार मान नाही आणि फार राग नाही.

याला आता काही आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या वृषालीताई म्हणाल्या की सिस्टरांवर कुणी लिहायचं असेल तर तुम्हीच लिहा. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, मला अर्ज लिहितानाही घाम फुटतो. पण मला दुसरी भीती जास्त वाटली. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते 'रुग्णसेवेची अखंड तेवणारी ज्योत' असं काहीतरी लिहितील, आणि सिस्टर ज्योत वगैरे काही नव्हत्या. चांगल्या खट्याळ होत्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, क्लिनिकच्या मुख्य नर्स. नर्स म्हणून त्या किती चांगल्या होत्या ते सांगणारी माणसं या शहरात गल्लोगल्ली सापडतील. मला सांगायचंय ते त्यांच्या शुक्रवारांबद्दल.

मी जालन्याकडची. नवरा गेल्यावर लेकरं आईकडं ठेवून साफसफाईच्या कंपनीच्या व्हिसावर इथं आले. अब्बासियात एका खोलीत आम्ही कितीतरी जणी, पहाटे कंपनीची बस, दिवसभर क्लिनिक, परत बस. पहिले काही महिने मी एकाच गोष्टीला भ्यायचे : आपल्याला परत पाठवतील. कुणी मोठ्यानं बोललं की माझ्या डोळ्यांपुढं सरळ विमानच यायचं. अशात एक दिवस एक मोठे डॉक्टर (ते आता इथं नाहीत) माझ्या ओल्या फरशीवरून घसरले. पिवळी पाटी मी ठेवली होती, त्यांनी बघितली नाही. ते पडले नाहीत, पण हातातला कॉफीचा कप पडला, आणि पांढऱ्या कोटावर डाग पडला. ते इंग्रजीत ओरडायला लागले. त्यातला 'सुपरवायझर' एवढा शब्द मला कळला आणि विमान पुन्हा डोळ्यांपुढं उभं राहिलं. तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीतून सिस्टर आल्या. आल्या म्हणजे काय, अवतरल्या. मान ताठ, दोन्ही हात पोटाशी जोडलेले, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. डॉक्टरांच्या समोर उभ्या राहून त्यांनी अगदी सावकाश इंग्रजीत एक वाक्य म्हटलं. डॉक्टर गप्प झाले. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, आणि मग तो माणूस चक्क हसत हसत निघून गेला.

मी विचारलं, सिस्टर, तुम्ही त्यांना काय सांगितलं? त्यांनी मराठीत सांगितलं. "मी म्हटलं, क्षमा असावी, सर. आपण येणार हे फरशीला आधी कळलं असतं तर ती वेळेवर वाळली असती." मला हसावं की रडावं कळेना. तर त्या म्हणाल्या, "हे माझं नाही हं. ज्याचं आहे त्यानं तुझी नोकरी वाचवली. शुक्रवारी दुपारी माझ्या घरी ये, भेट घालून देते त्याची."

आता हे वाचून तुम्ही हसाल, पण मला खरंच वाटलं की तो कुणी बडा साहेब असणार. मी खोलीतल्या बायकांकडून तूप आणि बेसन जमवून लाडू वळले. ठेवणीतला ड्रेस इस्त्री केला. शुक्रवारी सिस्टरांच्या घरी गेले. इथं चर्चची प्रार्थना शुक्रवारीच असते, ती उरकून त्या नुकत्याच परतल्या होत्या. एकच खोली, पण तिच्यात बऱ्याच बायका खाली बसलेल्या. मिरजेकडच्या दोन नर्सा, क्लिनिकातल्या आया, आणि भिंतीला टेकून जमिलाभाभी. जमिलाभाभी रत्नागिरीकडच्या, त्यांच्या मालकांचा त्याच इमारतीखाली बकाला, म्हणजे किराणा. मी लाडवांचा डबा छातीशी धरून उभी. विचारलं, साहेब कुठायत? सिस्टरांनी टीव्हीकडं बोट दाखवलं. "येतोय. त्याला उशीर करायची सवय नाही." आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक लांबोडक्या चेहऱ्याचा बटलर दार उघडून आत आला, मान ताठ, हात पोटाशी जोडलेले… सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघून लोळायला लागल्या. जमिलाभाभी म्हणाल्या, "काय गो, लाडू त्याला नुसते दाखव, खायला आमका दे."

त्या दिवसापासून मी दर शुक्रवारी जायला लागले. इंग्लंडमधले जुने विनोदी सिनेमे, आमच्या आईवडलांच्याही लहानपणचे. सिस्टर आवाज अगदी बारीक ठेवायच्या आणि टीव्हीच्या शेजारी एका बुटक्या स्टुलावर बसून सगळ्यांचं सगळं मराठीत बोलायच्या. बँकेतला कारकून, चहाचं किटलीभर वेड असलेल्या म्हाताऱ्या, पाद्री, चोर, पोलीस, लॉर्ड आणि त्याची कुत्री. कुत्रीसुद्धा. आणि गंमत म्हणजे त्या बसायच्या पडद्याकडे पाठ करून, आमच्याकडं तोंड करून. मागं काय चाललंय ते न बघता ओठाला ओठ जुळवायच्या. कुणीतरी विचारलंच, की सिस्टर, तुम्ही पिक्चर बघत का नाही? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर : "पिक्चर मी बघितलाय. तुमची तोंडं दर शुक्रवारी नवी असतात."

ही विद्या त्यांनी कुठून उचलली तेही त्यांनी एकदा सांगितलं होतं. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात त्या नर्सिंग शिकत होत्या. मॅट्रन इंग्लंडची. शनिवारी संध्याकाळी ती हॉस्टेलच्या भिंतीवर चादर लावून मुलींना हे सिनेमे दाखवायची. मुली खेड्यापाड्यांतल्या, एकीला कळेल तर शपथ. त्या मुकाट बसायच्या आणि मॅट्रन एकटीच खो खो हसायची. "ते बघवायचं नाही गं," सिस्टर म्हणायच्या, "इतक्या लांब येऊन माणूस एकटंच हसतंय." म्हणून त्या मॅट्रनपाशी जाऊन बसल्या, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीतून समजून घेतलं की ती का हसते, आणि पुढच्या शनिवारी मुलींना मराठीत बोलून दाखवलं. त्या दिवशी म्हणे मॅट्रन हसायची थांबली आणि मागं वळून मुलींकडंच बघत राहिली. पुढं सिस्टर कुवेतला आल्या. अहमदीत तेल कंपनीच्या जुन्या बंगल्यात राहणारं एक इंग्रज कुटुंब मायदेशी परत निघालं होतं, त्यांच्या बाईनं निघताना असल्याच सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेटींचं एक खोकं यांच्या गळ्यात मारलं. बाईला वाटलं अडगळ गेली. सिस्टरांना वाटलं मॅट्रन परत भेटली. इराकच्या युद्धात घर सोडून पळावं लागलं तेव्हा त्यांनी कपड्यांची बॅग मागं ठेवली आणि ते खोकं उचललं, हे मला जमिलाभाभींनी सांगितलं. नंतर पुतण्यानं ते सगळं पेन ड्राइव्हवर घालून दिलं.

मी पुष्कळदा विचार करते, या सिनेमांत असं काय आहे? रंग नाही, गाणं नाही. आमच्या खोलीतली एखादी नवी मुलगी पहिल्या शुक्रवारी दहा वेळा फोन बघते, तिसऱ्या शुक्रवारी वेळेच्या आधी येऊन बसते. त्यातलं जग आता कुठंच नाही. सिस्टर म्हणायच्या, ते लंडन आता लंडनमध्येही राहिलेलं नाही. टोप्या उचलून नमस्कार करणारे चोर, बंदूक रोखलेली असताना 'आधी चहा घेऊ या का' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या, घर लिलावात निघालंय तरी जेवायला बसताना कोट घालणारे लोक. पण मला वाटतं, जुनं झालंय म्हणूनच ते आपल्याला जवळ येऊ देतं. आजच्या साहेबाला मी घाबरते. त्याच्या हातात माझा अकामा आहे, इथं राहण्याचा परवाना. पण तो काळा-पांढरा साहेब आता कुणाला काय करणार? त्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसता येतं. आणि दुसरं म्हणजे, त्यात हिरो भित्रा असतो. मालकाला भिणारा, बायकोला भिणारा, शिक्का मारणाऱ्या माणसाला भिणारा. आपल्याकडं भित्र्या माणसाला वाचवायला दुसरा कुणीतरी छाती काढून येतो. इथं भित्रा भीतभीतच सगळं निभावून नेतो, आणि शेवटी त्याचे गुडघे कापत असतातच. मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की गुडघे कापले तरी चालतं.

पण त्या सिनेमांत सगळंच गोड नव्हतं, आणि सिस्टर ते लपवायच्या नाहीत. बाईमाणसाविषयी काही आचरट असलं तर त्या खुशाल तिच्या तोंडी आपलं उत्तर घालायच्या. एका जागी मात्र त्या अडायच्या. एका सिनेमात हिंदुस्थानातून परतलेला एक म्हातारा कर्नल आहे. कंगाल झालाय, आणि पाहुण्यांपुढं ते कळू नये म्हणून त्याची सगळी धडपड. सिनेमा इतका मजेदार की आम्ही तोच पुन्हा पुन्हा मागायचो. त्यात मध्यावर कर्नलचा हिंदुस्थानी नोकर येतो. गोऱ्या नटालाच तोंडाला काळं फासून उभं केलेलं, डोक्यावर हे एवढं पागोटं. तो ट्रे घेऊन येतो, वाकतो, मान डोलावतो आणि काहीतरी गडबडगुंडा बोलतो. हिंदी नाही, मराठी नाही, कुठलीच भाषा नाही. तिथं आलं की सिस्टर उठायच्या, सिनेमा थांबवायच्या आणि म्हणायच्या, "चला, चहा." चहा झाला की तो भाग पुढं ढकलून सिनेमा परत सुरू. आम्हाला ती सवयच झाली होती. एकदा स्वयंपाकघरात कप विसळताना मी त्यांना विचारलं की तुम्ही त्याचं का बोलत नाही? तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"काय घालू त्याच्या तोंडात? तो बोलतो ती भाषाच नाही, लिहिणाऱ्यानं नुसता आवाज काढलाय." मग गॅस बारीक करत म्हणाल्या, "साहेबाचं मला सगळं बोलता येतं, सुमन. आपल्याच माणसाचं येत नाही. हे मला बरोबर वाटत नाही… साखर किती तुला?"

मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही गळ्यावर बोट दाबून, दोनचार शब्दांपुरती. जिनं अख्खं इंग्लंड आपल्या घशात बसवलं होतं त्या बाईचं हे. पण शुक्रवार त्यांनी सोडला नाही. बायका जमल्या, सिनेमा लागला, सिस्टर आपल्या स्टुलावर आमच्याकडं तोंड करून बसल्या, आणि खोलीत नुसतं इंग्रजी. फार वाईट वाटत होतं. मी लादीकडं बघत बसले होते आणि माझ्याही नकळत माझे ओठ हलायला लागले. इतकी वर्षं ऐकलेलं होतं ना. बटलर बोलला की मी आपली पुटपुटत होते. सिस्टरांची नजर सगळ्यांच्या तोंडावरून फिरायची, ती माझ्या तोंडावर थांबली. त्या उठल्या, मला दंडाला धरून त्या स्टुलावर आणून बसवलं, आणि कानाशी येऊन एकच शब्द म्हणाल्या : "मोठ्यानं."

मी बोलले. वाईट बोलले असणार, लॉर्डसाहेब थेट जालन्याच्या बाजारातून उठून आल्यासारखा वाटत होता. जमिलाभाभी म्हणाल्या, "ह्यो लॉर्ड सरकी इकतो की काय गो?" पण हसल्या. मग ते सुरूच झालं. दर शुक्रवारी मी बोलायची आणि सिस्टर समोर बसून हाताच्या बोटांनी मला हळू, जोरात, थांब, असं दाखवायच्या. कर्नलचा सिनेमा लावला की त्या जागी मीही थांबवायची, चहासाठी.

यंदा त्यांचं कायमचं परत जायचं ठरलं. तेव्हा मराठी मंडळाच्या वृषालीताई घरी आल्या. त्या हिशेबनिसाच्या नोकरीत आहेत, त्यांच्या आईचं आजारपण सिस्टरांनी काढलं होतं, आणि त्या आजी शेवटपर्यंत कर्नलच्या सिनेमाची आठवण काढून हसायच्या. वृषालीताई म्हणाल्या, आमच्या ओळखीच्यांचा अहमदीत जुना बंगला आहे, मोठं लॉन आहे, तिथं पडदा लावून तोच सिनेमा दाखवू, सगळे मराठी लोक येतील, सिस्टरांचा निरोपही होईल. सिस्टरांनी गळ्यावर बोट ठेवलं. "आवाज सुमन देईल."

पुढचे आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. आमच्या बायकांपुढं बोलणं वेगळं. इथं बँकेतले, आयटीतले, शिकलेसवरलेले लोक, त्यांना इंग्रजी पाण्यासारखं येतं, त्यांच्या मुलांना तर मराठीपेक्षा जास्त येतं. त्यांना माझी गरजच काय? आणि मी अडखळले तर सावरायला सिस्टरांना आवाज नाही. त्यांनी आयुष्यभर जी गोष्ट जीव लावून केली तिचा शेवटचा दिवस माझ्या तोंडून मातीत जाईल, ही भीती मला झोपू देईना. मी त्यांना म्हटलंही, की सिस्टर, त्यांना इंग्रजी येतं हो. त्या कुजबुजल्या, "मॅट्रनलाही येत होतं." बाकी काही नाही. आणि त्या नोकराच्या जागेचं आम्ही ठरवून टाकलं. तिथं मध्यंतर, चहा आणि बटाटेवडे. लॅपटॉप सांभाळणाऱ्या वृषालीताईंच्या यजमानांना मी स्वतः तो भाग दोनतीनदा लावून ती जागा दाखवून ठेवली. त्या एका ठिकाणी मला काही बोलावं लागणार नाही, एवढाच काय तो धीर होता.

अहमदीतली संध्याकाळ थंड आणि छान होती. हिरवळ, झाडं, कौलारू बंगला. इंग्रजांनी स्वतःसाठी वसवलेलं गाव ते, बंगल्याच्या मागं नोकरांच्या खोल्या अजून तशाच. लोक ऑफिसातून थेट आले होते, पोटात कावळे. तर मंडळाच्या बायकांनी काय करावं, त्यांनी आल्या आल्याच सगळ्यांना चहा आणि वडे देऊन टाकले. पाहुणा उपाशी बसलेला मराठी बाईला बघवतं का? मला ते दिसत होतं, पण त्याचा पुढं काय अर्थ होणार ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी पडद्याच्या शेजारी स्टुलावर बसले, लोकांकडं तोंड करून. आणि पहिल्या ओळीत, पडद्याकडं तोंड करून, सिस्टर बसल्या होत्या.

सुरुवातीला हसू अर्धवट येत होतं. मुलं इंग्रजी ऐकून आधी हसायची, मोठी माणसं माझं ऐकून नंतर, सगळं फाटलेलं. सिस्टरांचं बोट 'हळू' म्हणालं. मी हळू केलं. मग हळूहळू मुलंही थांबायला लागली, बघू ही बाई आता काय म्हणते म्हणून. कर्नल पाहुण्यांना आपलं फुटकं छत म्हणजे 'ताऱ्यांसाठी ठेवलेली खिडकी' म्हणून दाखवतो तिथं लॉनवर एकदमच हशा उसळला, आणि माझे गुडघे कापायचे थोडे कमी झाले. मध्यावर आलो. मी थांबण्याची वाट बघायला लागले. सिनेमा थांबेना. चहा तर झालाच आहे, मग मध्यंतर कशाला, असं वृषालीताईंच्या यजमानांनी आपल्या मनानं ठरवलं होतं आणि ते वड्याची दुसरी बशी आणायला गेले होते. दार उघडलं आणि तो नोकर आत आला. काळं फासलेलं तोंड, एवढं पागोटं, हातात ट्रे.

लॉनवर शांतता पसरली. मी सगळ्यांची तोंडं बघत होते, त्यामुळं मला ती शांतता दिसलीसुद्धा. माणसं एकमेकांकडं न बघता हातातल्या कपांत बघायला लागली. एक बाप आपल्या मुलीच्या कानात काहीतरी सांगायला वाकला. सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या, हात वर करून लॅपटॉपच्या दिशेनं… पण तिथं कुणीच नव्हतं. मागं तो नोकर वाकला असणार, कारण त्याचा तो गडबडगुंडा सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. आणि माझ्या तोंडून निघालं :

"साहेब, हे पागोटं माझं नाही बरं का. आमच्या जालन्याला एवढं मोठं नुसतं वरातीच्या घोड्याला बांधतात."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. मी थांबले नाही, थांबले असते तर तिथंच मेले असते. कर्नल त्याच्यावर खेकसला. नोकर पुन्हा वाकला, ट्रे पुढं केला, आणि मला पाठ होतं की आता कर्नल दचकून मागं सरणार आहे. मी म्हटलं, "आणि साहेब, कप जरा लांब धरा. माझ्या तोंडाचा रंग ओला आहे, चहात पडंल." त्याच क्षणी पडद्यावर कर्नल कपासकट मागं उडाला.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. मुलं, बाप, बायका, सगळी एकाच वेळी. हसत होती ती नोकराला नव्हे, ज्यांनी त्याला रंगवून तिथं उभं केलं त्यांना. त्यानंतर तो नोकर जितका वेळ पडद्यावर होता तितका वेळ त्याचंच राज्य होतं. सिस्टर अजून अर्ध्या उभ्याच होत्या. मग खाली बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले, एक हात गळ्यावर, आवाज नाही, नुसती भात्यासारखी हवा. मला वाटलं श्वास अडकतो की काय. जमिलाभाभी त्यांची पाठ चोळत होत्या आणि स्वतः डोळे पुसत होत्या.

परत येताना जमिलाभाभींच्या मालकांच्या गाडीत आम्ही तिघी मागं बसलो होतो. अहमदीचे दिवे मागं पडले. मग सिस्टरांनी गळ्यावर बोट ठेवलं. मी कान जवळ नेला.

"इतकी वर्षं मी चहाच करत बसले," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, की ते घोड्याचं कुठून सुचलं तुला? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, सिस्टर, भीतीनं सुचलं, दुसरं काही नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, तसाच धरून ठेवला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मग भीत जा."

आजवर मला कुणी प्रशस्तिपत्र दिलेलं नाही, सातवीनंतर ते मिळायची सोयही नव्हती. हे तीन शब्द मी त्या जागी धरते. सिस्टरांना निरोप द्यायला आम्ही विमानतळावर गेलो. व्हीलचेअरवर मान ताठ, हात पोटाशी जोडलेले, अशा त्या आत गेल्या. आम्ही बायका काचेबाहेर हसत होतो, पोलीस बघत होता की ह्या हसताहेत की रडताहेत.

त्यांच्या जाण्याची बातमी आल्यावर जो शुक्रवार आला, त्या दिवशी सिस्टरांची जाब्रियातली ती खोली कुणा दुसऱ्याची झालेली होती. म्हणून सगळ्या अब्बासियात आमच्या खोलीवर आल्या. दुमजली पलंगांवर, खाली, दारात, जिथं जागा मिळेल तिथं बसल्या. मिरजेच्या एका नर्सनं प्रार्थना म्हटली. मग कोणता लावायचा हे कुणी विचारलंच नाही, मी कर्नलचा लावला. जमिलाभाभींनी चहाचा थर्मास आणला होता, तो त्यांनी सुरुवातीलाच रिकामा करून टाकला. दार उघडून नोकर आत आला तसं मी तोंड उघडलं. नवीन काहीतरी मनाशी जुळवून ठेवलं होतं, जालन्याचंच. पण बाहेर आला तो आवाज माझा नव्हता. सावकाश, प्रत्येक वाक्याच्या टोकाला जरा थांबणारा, नगरकडचा. ज्यानं त्या माणसाच्या तोंडात कधीच एक शब्द घातला नव्हता, तोच आवाज माझ्या घशातून त्याच्यासाठी बोलायला लागला होता. खोलीत कुणी हसलं नाही. मी अडखळले. जमिलाभाभींनी माझ्याकडं बघितलं नाही, पडद्याकडंच बघत राहिल्या.

"बोल गो," त्या म्हणाल्या, "त्याला अजून ट्रे ठेवायचाय."

मी बोलत राहिले.